रिकाम्या खुर्च्यांचा जमाखर्च

लोकप्रियता हा शब्द दिसावयास मोठा सभ्य आहे, पण व्यवहारांत तो न्यायाधीशाचें काम करतो. एखादें नाटक चाललें नाहीं, एखादें मासिक बंद पडलें, किंवा एखादा खेळ ओस पडला, कीं "लोकांनाच तें नको होतें" असें म्हणून आपण मोकळे होतों. लोकांना तें कधीं दाखविलें होतें काय, दाखविलें असल्यास कोणत्या वेळीं, कोणत्या जागीं आणि किती खर्च करून, हें विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. या प्रश्नाचें महत्त्व आम्हांला पटलें तें साहित्यशास्त्राच्या अभ्यासानें नव्हे. अमेरिकेंतील स्त्रियांच्या बास्केटबॉलच्या इतिहासानें पटलें. इंग्रजी काव्य शिकविण्यांत ज्याचे केस पांढरे झाले त्यानें चेंडूच्या खेळावर लिहावें, हें कांहीं वाचकांना विपरीत वाटेल. परंतु लोकरुचि हा आमच्या पेशाचाच विषय आहे, आणि ती कशी घडते हें पाहावयास या खेळाइतकें स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना-समितीवर आम्ही बरींच वर्षें आहों. दरसाल अंदाजपत्रकाच्या बैठकींत मुलींच्या बास्केटबॉलची रक्कम शेवटीं निघते आणि पहिल्यानें कापली जाते. कारण ठरलेलें: "मुलींचे सामने बघायला येतंय कोण?" मुलांचे सामने सायंकाळीं, दिव्यांच्या प्रकाशांत व ध्वनिवर्धक लावून होतात, मुलींचे दुपारीं दोनला, उन्हांत, तास चालू असतांना. एका वर्षीं संघाची कर्णधार असलेली विद्यार्थिनी आमच्याकडे आली व शांतपणें म्हणाली, "सर, दुपारी दोनला मुलांचा सामना ठेवून बघा एकदा. त्यालाही कोणी येणार नाही." तिच्या बोलण्यांत रागापेक्षां तर्कशास्त्र अधिक होतें. त्या तर्काचा पुरावा शोधीत आम्ही जें वाचलें त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा खेळ जेम्स नायस्मिथ या शिक्षकानें डिसेंबर १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें, पीचफळांच्या टोपल्या भिंतीला टांगून, सुरू केला. पुढच्याच वर्षीं जवळच्या नॉर्थॅम्प्टन गांवांतील स्मिथ कॉलेज या स्त्रियांच्या महाविद्यालयांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. म्हणजे खेळाच्या जन्मापासून वर्षभराच्या आंतच स्त्रिया तो खेळूं लागल्या होत्या. 'पुरुषांच्या खेळांत बायका मागाहून शिरल्या' हा समज या खेळापुरता तरी निराधार आहे. २२ मार्च १८९३ रोजीं स्मिथमध्यें दोन वर्गांचा सामना झाला, तेव्हां पुरुषांना आंत येऊं दिलें नव्हतें. बेरेन्सनबाईंनीं नियमही बदलले. मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग ओलांडावयाचा नाहीं, दुसरीच्या हातांतून चेंडू हिसकावयाचा नाहीं, तो तीन सेकंदांहून अधिक हातांत धरावयाचा नाहीं. ४ एप्रिल १८९६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें स्टॅनफर्ड व बर्कली या विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. त्यांत स्टॅनफर्डनें २-१ असा जय मिळविला, आणि तेथेंही प्रेक्षक केवळ स्त्रियाच होत्या. खेळ जन्मला तोच दाराला कडी लावून!

ही कडी दुष्टपणानें लावली होती असें मात्र नाहीं. १९२३ मध्यें लू हेन्री हूवर (पुढें ज्यांचे पति अमेरिकेचे अध्यक्ष झाले) यांच्या नेतृत्वाखालीं शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रांतील स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनीं आपलें धोरण आंखलें. खेळ सर्व मुलींसाठीं असावा, निवडक खेळाडूंसाठीं नव्हे. तिकिटांच्या उत्पन्नासाठीं मुलींना मैदानांत उतरवूं नये. प्रेक्षकांच्या करमणुकीपेक्षां खेळणारीचें आरोग्य मोठें. शिक्षक या नात्यानें आम्हांला हीं तत्त्वें मनापासून मान्य आहेत. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळांत पैशानें जो गोंधळ घातला होता तो त्या डोळ्यांनीं पाहात होत्या. पण सद्धेतूचेंही व्याज भरावें लागतें. जी वस्तु बाजारांत आणलीच नाहीं तिला भाव नसतो. आणि कांहीं काळानें, ती कां आणली नव्हती हें लोक विसरतात व तिला मोलच नाहीं असें समजूं लागतात. सोवळें म्हणून बाजूला ठेवलेलें भांडें पुढच्या पिढीनें निरुपयोगी म्हणून अडगळींत टाकावें, तसें कांहींसें झालें.

जेथें दार उघडें राहिलें तेथें काय घडलें? आयोवा हें मक्याच्या शेतांचें राज्य. तेथें शाळकरी मुलींची राज्य-स्पर्धा १९२० पासून होत असे. १९२५ मध्यें शाळांच्या संघटनेनें मुलींच्या स्पर्धेचा आश्रय काढून घेतला, तेव्हां खेड्यापाड्यांतील शाळांच्या चालकांनीं मुलींच्या खेळांसाठीं स्वतंत्र संघटना उभारली. शहरें बाजूला राहिलीं, खेडीं हट्टाला पेटलीं. त्यांचा खेळ सहा-सहा जणींचा. तिघी एका अर्ध्या भागांत चेंडू टाकणाऱ्या, तिघी दुसऱ्यांत अडविणाऱ्या, आणि चेंडू दोनदांच आपटण्याची मुभा. हिंवाळ्यांत शेताला काम नसे, गांवांत दुसरी करमणूक नसे, आणि संघांतली मुलगी कोणाची तरी पुतणी वा शेजारीण असे. मार्चमध्यें डेमॉइन येथील सभागृह हजारों लोकांनीं भरून जाई. १९६८ चा अंतिम सामना जादा वेळेंत गेला आणि युनियन-व्हिटन या शाळेनें एव्हर्लीचा ११३-१०७ असा पराभव केला. विजयी संघाच्या डेनिस लाँगनें एकटीनें ६४ गुण केले आणि हरलेल्या संघाच्या जीनेट ओल्सननें ७६! पुढच्या वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक पुरुष-संघानें डेनिस लाँगचें नांव आपल्या निवडींत पुकारलें. ती निवड रद्द झाली, हें सांगावयास नकोच. सहाजणींचा हा खेळ १९९३ पर्यंत चालला. तात्पर्य, मुलींचा खेळ पाहावयास कोणी येत नाहीं हा सिद्धान्त ज्या काळीं सर्वत्र वेदवाक्य होता, त्याच काळीं एका राज्यांत त्याला तिकिटें काढून लोक खोटें ठरवीत होते.

१९७२ मध्यें सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा कायदा अमेरिकेंत झाला. त्याच वर्षीं स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनेनें पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन बास्केटबॉल-स्पर्धा भरविली. १९८२ मध्यें एन.सी.ए.ए. या बलाढ्य संघटनेनें स्वतःची स्त्रियांची स्पर्धा सुरू केली, आणि स्त्रियांची संघटना विलयास गेली. आतां कडी निघाली असें वाटलें. पण कडीच्या जागीं वही आली. २०२१ च्या स्पर्धेंत पुरुष-खेळाडूंना व्यायामाचें भलें मोठें दालन आणि स्त्रियांना हातांत मावतील अशा वजनांची एक घडवंची, हें चित्र एका खेळाडूनें जगजाहीर केलें तेव्हां चौकशी झाली. तिच्या अहवालांत घडवंचीपेक्षां मोठी गोष्ट बाहेर पडली. स्त्रियांच्या बास्केटबॉलच्या प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्रपणें विकलेच जात नव्हते. दुसऱ्या दोन डझनांहून अधिक स्पर्धांच्या जुडींत बांधून ते वर्षाला सुमारें ३ कोटी ४० लक्ष डॉलरांना दिले होते. २०२५ सालीं या एका स्पर्धेचे हक्क वर्षाला ८ कोटी १० लक्ष ते ११ कोटी २० लक्ष डॉलरांचे होतील, असा तज्ज्ञांचा अंदाज त्याच अहवालांत होता. 'मार्च मॅडनेस' हें खपाचें नांवदेखील पुरुषांच्याच स्पर्धेला लावीत. स्त्रियांना तें २०२२ मध्यें मिळालें. पुरुषांच्या संघानें सामना जिंकला कीं त्या यशाचा पैसा महाविद्यालयांच्या गटाला १९९१ पासून मिळत असे. स्त्रियांच्या विजयाला असा मोबदला २०२५ पर्यंत नव्हता. म्हणजे संघ जिंकला काय, हरला काय, कोठावळ्याच्या लेखीं बेरीज सारखीच. मग कोठावळ्यानें "हा खेळ तोट्याचा आहे" असें म्हटलें तर त्यानें खोटें सांगितलें नाहीं; त्यानें केवळ जमेचें पान कोरें ठेवलें होतें.

आमच्या विद्यार्थिनीच्या 'दुपारी दोन'चें उत्तर येथेंच आहे. १९९६ पासून पुष्कळ वर्षें स्त्रियांचा अंतिम सामना खेळांना वाहिलेल्या, पैसे भरून पाहावयाच्या वाहिनीवर दाखवीत. २०२२ मध्यें त्याला सुमारें ४८ लक्ष प्रेक्षक होते. २०२३ मध्यें तो घरोघर दिसणाऱ्या राष्ट्रीय वाहिनीवर रविवारीं तिसऱ्या प्रहरीं दाखविला. प्रेक्षक झाले सुमारें ९९ लक्ष. २०२४ मध्यें साउथ कॅरोलायनानें आयोवाचा ८७-७५ असा पराभव केला, तो सामना सरासरी १ कोटी ८७ लक्ष लोकांनीं पाहिला. त्या वर्षींचा पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे १ कोटी ४८ लक्ष. कोणी म्हणेल, ही सारी एकट्या केटलिन क्लार्कची जादू. जादू होती यांत शंका नाहीं. महाविद्यालयीन कारकीर्दींत तिनें ३,९५१ गुण केले, आणि तिच्या संघाचा एक सामना फुटबॉलच्या उघड्या मैदानावर ५५,६४६ लोकांनीं पाहिला. पण ती उपजली कोठें? त्याच आयोवांत, त्याच डेमॉइन शहरांत, जेथें मुलींचा सामना पाहणें ही आजी-आजोबांपासूनची रीत होती. प्रतिभा आकाशांतून पडत असेल. तिच्यासाठीं अंगण मात्र कोणीतरी सारवून ठेवावें लागतें.

व्यावसायिक खेळाची कथा याहून कडू आहे. डब्ल्यू.एन.बी.ए. ही स्पर्धा १९९७ मध्यें आठ संघांनिशीं सुरू झाली. २०२४ मध्यें पहिल्या क्रमांकानें निवडलेल्या क्लार्कचें पहिल्या वर्षाचें वेतन ७६,५३५ डॉलर होतें. त्याच वर्षीं पुरुषांत पहिल्या निवडलेल्या तरुणाचें सवा कोटी डॉलरांच्या आसपास. पुरुषांची स्पर्धा पन्नास वर्षांनीं वडील आहे आणि तिचें उत्पन्न कितीतरी पट मोठें आहे. म्हणून आजच समान आंकडा मागणें रास्त होणार नाहीं, आणि खेळाडूंनींही तें मागितलेलें नाहीं. पुरुष-खेळाडूंना उत्पन्नाचा निम्म्याच्या सुमारास वांटा करारानें मिळतो. तसा वांटा आपल्यालाही असावा एवढेंच त्यांचें म्हणणें. जुलै २०२५ च्या प्रदर्शनीय सामन्यापूर्वीं 'आमचें देणें लागतां तें द्या' अशा अर्थाचे शब्द छापलेले सदरे घालून त्या मैदानांत आल्या. आमच्या मतें त्यांनीं 'द्या' याहून 'देणें' या शब्दावर भर दिला, हें महत्त्वाचें. भिक्षेची भाषा टाकून त्या हिशेबाच्या भाषेंत बोलल्या.

हें देणें न दिल्याचे परिणाम नुसते पैशाचे नव्हते. अनेक वर्षें अमेरिकेंतील उत्तम खेळाडू हिंवाळ्यांत परदेशीं खेळावयास जात. २०१५ मध्यें डायना टॉरासीनें घरची स्पर्धा सोडून उन्हाळाभर विश्रांति घेतली, कारण तिच्या रशियन संघानें त्यासाठींच तिला पैसे दिले. मायदेशांत खेळण्याच्या मोलापेक्षां परक्यांनीं विश्रांतीला दिलेलें मोल अधिक! फेब्रुवारी २०२२ मध्यें ब्रिटनी ग्राइनर रशियांत पकडली गेली आणि डिसेंबरपर्यंत कैदेंत राहिली. ती तेथें गेली होती याच पोटाच्या खेळासाठीं.

विरुद्ध बाजूचा पुरावाही लपवूं नये. १९९६ मध्यें निघालेली एक स्पर्धा खेळाडूंना बरें वेतन देई, पण ती १९९८ च्या डिसेंबरांत बुडाली. तेव्हां पैसा ओतला कीं दुसऱ्या दिवशीं गर्दी, असें घडत नाहीं. पी हळद आणि हो गोरी हा न्याय लोकरुचीला लागत नाहीं. तिला वेळ लागतो, आणि तोटा सोसून थांबणारा कोणी लागतो. ज्यांनीं थांबून पाहिलें त्यांचे हिशेब आतां फिरले आहेत. २०२४ मध्यें डब्ल्यू.एन.बी.ए.च्या प्रक्षेपणाचा अकरा वर्षांचा करार सुमारें २ अब्ज २० कोटी डॉलरांचा झाला. २०२५ मध्यें तीन नव्या शहरांनीं प्रत्येकीं २५ कोटी डॉलर नुसत्या प्रवेशासाठीं देऊं केले. धंदेवाईक मनुष्य दयेपोटीं पंचवीस कोटी देत नाहीं.

आतां जुन्या शिक्षिकांची भीति पुन्हा खरी होईल काय? होईल. पैज लावणारे आले आहेत, खेळाडूंना शिव्या लिहून पाठविणारे आले आहेत, आणि विद्यार्थिनींच्या नांवावर माल खपविणारेही आले आहेत. बेरेन्सनबाई आज असत्या तर त्यांनीं कपाळाला हात लावला असता. परंतु गर्दींत पाकीट मारलें जातें म्हणून जत्रा बंद करीत नाहींत, चौकी बसवितात. दार लावून घेण्याचा उपाय एकदा करून पाहिला. त्यानें मुलींचें रक्षण किती झालें हा वादाचा प्रश्न आहे, पण त्यांची किंमत शून्य ठरली हें वहीवरून दिसतें.

आमचा मुद्दा खेळापुरता नाहीं. ग्रंथालयांत अमुक पुस्तकाला मागणी नाहीं, शाळेंत अमुक विषय मुलांना नको, नाट्यगृहांत अमुक प्रयोग चालत नाहीं, हे निकाल आपण रोज ऐकतों व मान्य करतों. त्या प्रत्येक निकालावर एक साधा उलट प्रश्न विचारावा: मागणी मोजण्यापूर्वीं पुरवठा केला होता काय? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी आपली म्हण आहे आणि ती खरीही आहे. पण या खेळाच्या बाबतींत शंभर वर्षें लोक रिकाम्या पोहऱ्याकडे बोट दाखवून आड कोरडा आहे असें सांगत राहिले. आणि आड तर भरलेला होता, पोहरा तेवढा कोणी आंत सोडला नव्हता.