कवठाच्या वाटीतले मेण

पुणे,
चैत्र वद्य तृतीया

चि. भाचीस,


मेणबत्ती या शब्दात मेण आहे, पण बाजारात मिळणाऱ्या आजच्या मेणबत्तीत ते सहसा नसते. तिथे असते ते पॅराफिन, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून वेगळा होणारा पांढरा, वासरहित पदार्थ. मराठीत मेण म्हटले की मुळात मधमाशीचे मेण, आणि त्याचे संस्कृत नाव मधूच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे उरलेले. टेकडीवर आणि रस्त्याकडेला सापडणाऱ्या वस्तूंतून लहान मेणबत्त्या करण्याचा जो बेत तुझ्या पत्रात आहे, त्याचा विचार या उरलेल्या वस्तूपासूनच सुरू करणे योग्य ठरेल, कारण पुण्याच्या उन्हाळ्यात स्वतःच्या पायावर उभी राहील अशी बत्ती निसर्गातल्या फार थोड्या पदार्थांची होते.

आपल्याकडच्या जुन्या उजेडाचा इतिहास बहुतांशी तेलाचा आहे. समई, पणती, लामणदिवा, गोंधळ्याची दिवटी, मिरवणुकीतला टेंभा या सगळ्यांत वात तेलात भिजलेली असते आणि तेल धरून ठेवण्याचे काम भांडे किंवा चिंधी करते. मेणबत्तीत भांडे नसते. इंधन स्वतःच घट्ट राहून वातीला उभे धरते आणि ज्योतीच्या उष्णतेने वरचा तेवढाच थर वितळून वातीतून चढत जातो. द्रव पदार्थ बारीक पोकळ्यांतून आपोआप वर चढण्याच्या या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. जळते ते मेण घन नसते आणि द्रवही नसते. वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. मायकेल फॅरडे यांनी 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांत ज्योतीच्या मधोमध काचेची नळी धरून ही वाफ बाहेर काढून दाखवली होती.

यावरून निसर्गातला कोणता पदार्थ उपयोगी पडेल हे ठरवता येते. पुण्याच्या रस्त्यांवर करंजाची झाडे विपुल आहेत आणि या दिवसांत त्यांच्या बदामाच्या आकाराच्या, चपट्या, कठीण शेंगांचा खच पदपथावर पडलेला असतो. प्रत्येक शेंगेत बहुधा एकच बी असते आणि तिच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग तेल असते. हे तेल कडू, उग्र वासाचे आणि खाण्यास अयोग्य असले तरी दिव्यात पूर्वापार जळत आले आहे. मात्र ते पातळ तेल आहे, त्याची बत्ती उभी राहणार नाही, आणि मेणात मिसळून घट्ट केले तर वास व धूर दोन्ही मेणबत्तीत येतात. करंजाला पणतीच शोभते, तिथेच त्याला राहू द्यावे. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर कुकुई नावाच्या झाडाच्या तेलकट बिया नारळाच्या झावळीच्या हिरावर ओवून एकामागून एक जाळीत असत. बी हेच इंधन आणि हीर हाच कणा, अशी ती मेणबत्तीच्या फार जवळ जाणारी युक्ती होती.

कोकणातले कोकमाचे तेल मात्र वेगळ्या विचारास पात्र आहे. रातांब्याच्या बियांतून निघणारे हे तेल थंड झाल्यावर घट्ट होते आणि मुठीत वळून केलेले त्याचे अंड्याएवढे गोळे पुण्यातल्या कोकणी मालाच्या दुकानांत भेगाळलेल्या टाचांसाठी विकले जातात. त्यातील निम्म्याहून अधिक भाग स्टिअरिक आम्लाचा असतो, आणि याच आम्लाने युरोपातल्या मेणबत्तीचे रूप बदलले. त्याआधी गरिबांची मेणबत्ती जनावरांच्या चरबीची, मऊ आणि दुर्गंधी असे. शेव्हरल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी चरबीतून हे कठीण आम्ल वेगळे काढून 1825 मध्ये त्याच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. कोकम तेलात ते आम्ल सुटे नसून ग्लिसरीनशी जोडलेले असते, आणि ते तेल सुमारे 40 अंश सेल्सिअसला वितळते. वैशाखात पुण्याचा पारा तिथवर जात असल्याने माळ्यावर ठेवलेली कोकमाची बत्ती एखाद्या दुपारी बसकण मारते. हिवाळ्यात, वाटीत ओतून, ती सुरेख होते.

मधमाशीचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते, आणि इथेच त्याचे मोल कळते. कामकरी माशी साधारण 12 ते 18 दिवसांची असताना तिच्या पोटाच्या खालच्या बाजूस असलेल्या ग्रंथींच्या चार जोड्यांतून मेणाचे पांढरे, अभ्रकासारखे पापुद्रे बाहेर पडतात. ते ती पायांनी ओढून तोंडात मळते आणि षट्कोनी घर बांधते. एक किलो मेणामागे माश्यांचा साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असा हिशेब मधमाशीपालनाच्या पुस्तकांत सांगितला जातो. म्हणून मध काढताना पोळे पिळून मोडण्याऐवजी मधयंत्रात फिरवून रिकामे करतात आणि तेच पोळे पुन्हा पेटीत ठेवतात. जमा झालेल्या मेणाचे, षट्कोनी ठसे उमटवलेले पातळ मेणपत्रे करून तेही माश्यांनाच परत दिले जातात. या मेणावर पहिला हक्क माशीचा आहे, आणि मेणबत्तीच्या वाट्याला उरलेलेच यावे.

पुण्यात हा विषय परका नाही. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून गणेशखिंड रस्त्यावर आहे, आणि महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माश्यांच्या पेट्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या जातात. तिथल्या मांघर या गावाला 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून ओळख मिळाली. शहरातली आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. ती उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली, पाण्याच्या टाक्यांना आणि मोठ्या वृक्षांना एकच मोठे, उघडे पोळे लटकवते, ऋतू पालटला की ते तसेच सोडून जाते, आणि मागे राहिलेल्या पोळ्याला मेणकिडा लागून त्याचे तुकडे खाली पडतात. असे सोडलेले, कोरडे तुकडे वेचणे हेच शहरात मेण मिळवण्याचे निर्दोष साधन आहे. भरल्या पोळ्यावर औषध फवारून ते उतरवणे ही सरळ हत्या आहे. घाबरलेल्या रहिवाशांची अडचण खरी असली तरी पोळ्याला न डिवचता काही आठवडे वाट पाहणे बहुतेक ठिकाणी शक्य असते. विषारी औषध लागलेले मेण जाळण्यासही योग्य नाही.

जुने, काळे पडलेले पोळे वजनाला भरते पण मेणाला उतरत नाही, कारण त्याच्या घरांत अळ्यांच्या कोशांची अस्तरे साचलेली असतात. ते तुकडे जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, स्टीलच्या पातेल्यात पाणी घालून, पाण्याला उकळी न आणता मंद आचेवर बुडवून ठेवावेत. लोखंडी भांड्यात मेण काळवंडते. गाळ पुरचुंडीत राहतो, मेण तरंगते आणि रात्रभर निवल्यावर पाण्यावर पिवळी चकती जमते. ती उलटी केली की खालच्या अंगाला राखाडी, भुसभुशीत थर चिकटलेला दिसतो, तो सुरीने खरवडून टाकला म्हणजे हाताला मधाचा आणि किंचित धुराचा वास राहतो. पुढे हे मेण वितळवताना कधीही थेट आचेवर ठेवू नये. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवावे, आणि चुकून पेटलेच तर पाणी न ओतता झाकण घालावे.

वातीसाठी काटेसावरीचा कापूस घेण्याचा विचार सोडून द्यावा. या दिवसांत तिची बोंडे उकलून रेशमासारखा कापूस हवेत तरंगतो आणि तो वेचण्याचा मोह होतो, पण त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असल्याने त्यांना पीळ बसत नाही. तो उशीतच बरा. साध्या कापसाची वात घ्यावी, मात्र मेण पॅराफिनपेक्षा चिकट असल्याने समईची एकेरी वात त्यात बुडून विझते. तीन वातींची सैल वेणी घातली तर ती पुरेसे मेण ओढते, शिवाय वेणी जळताना एका बाजूस वाकते आणि तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जाते, त्यामुळे काजळी झाडावी लागत नाही. उभी बत्ती हवी असल्यास ही वेणी वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवून बाहेर काढणे आणि गार होऊ देणे, असे वीस-पंचवीस वेळा केले की करंगळीएवढी जाडी येते. घाई करून मेण फार तापवले तर आधीचा थरच विरघळून परत भांड्यात जातो.

रंगासाठी पळसाची फुले निरुपयोगी आहेत, कारण त्यांचा रंग पाण्यात उतरतो, मेणात नाही. शेंदरीच्या बिया आणि हळद यांचे रंग तेला-मेणात उतरतात. ते उतरल्यावर मेण गाळून घ्यावे, नाहीतर कण वातीत अडकून ज्योत मंदावते. सुकी पाने, पाकळ्या मेणात घालू नयेत, त्या पेटतात. आणि तयार बत्ती टेकडीवर नेऊन लावण्याचा विचार या दिवसांत मनातही आणू नये. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

महाशिवरात्रीच्या चटणीनंतर आत्याच्या स्वयंपाकघरात राखून ठेवलेल्या कवठाच्या चार वाट्या सोबत पाठवल्या आहेत. कवठाची कवटी लाकडासारखी असल्याने ती मेण शोषून घेते आणि मग वाटीच वातीसारखी पेटू शकते, म्हणून मेण ओतण्यापूर्वी आतून शाडूचा पातळ हात द्यावा आणि तो सावलीत वाळवावा, कारण उन्हात शाडूला तडे जातात. तडा गेलाच तर ओल्या बोटाने पुन्हा एक हात फिरवावा. मेण ओतलेली वाटी लावताना पाण्याच्या ताटलीत ठेवावी.

आईस नमस्कार.

आत्या