कानाचा दडा

बोरघाट चढतांना कानाला दडा बसतो आणि एक आवंढा गिळला कीं तो सुटतो, एवढेंच कर्णशास्त्र आमच्या घरांत आजवर सर्वांस पुरत आलें होतें. बाळकुम ठाण्याच्या खाडीकांठीं असलें तरी आमच्या कुटुंबाचा पाण्याशीं संबंध नळापुरताच! परंतु गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब मालवणास गेलों आणि तें शास्त्र अपुरें पडलें.

थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांस सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ समुद्रांत उतरून प्रवाळ पाहावयाचें होतें. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून पाण्याखालीं जाण्याच्या या विद्येस 'स्कूबा' म्हणतात. बरोबर कोणी वडील माणूस असावें असा वहिनींचा आग्रह पडला व पन्नाशी उलटलेले आम्ही होडींत बसलों. दोन दिवसांपासून आम्हांस सर्दी होती. ती मात्र आम्हीं कोणास सांगितली नाहीं.

होडींत शिकविणाऱ्या गृहस्थांनीं सर्व नीट समजावून दिलें होतें. कानाच्या पडद्यामागें हवेची एक इवलीशी खोली असते. तिच्यापासून घशाच्या मागच्या बाजूस एक अरुंद नळी जाते. एरवीं ती मिटलेली असते, आणि गिळतांना अथवा जांभई देतांना क्षणभर उघडते. पाणी बाहेरून पडदा दाबूं लागलें कीं या नळीनें आंत हवा पोंचवावी लागते. दहा मीटरांवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. तो पुन्हां दुप्पट व्हावयास मात्र तीस मीटर जावें लागतें. म्हणजे 'पाणी उथळ आहे, भय कसलें?' हें म्हणणें कानाच्या बाबतींत उलटें आहे. पहिलें पुरुषभर पाणीच अधिक जपावयाचें.

नाक चिमटींत धरून, तोंड मिटून हळूच फुंकर घालावयाची, ही नेहमींची युक्ति. तिला व्हाल्साल्व्हा या इटालियन वैद्याचें नांव आहे. इ. स. १७०४ मधील आपल्या ग्रंथांत त्यानें ती सांगितली, ती पाणबुड्यांसाठीं नव्हे, तर कानांतील पू बाहेर काढण्यासाठीं! फ्रेंझेल नांवाच्या जर्मन वैद्यानें दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांस दुसरी रीति शिकविली. तींत छातीचा जोर न लावतां जिभेच्या मुळानें हवा मागें लोटतात. कोणतीही युक्ति असो, ती दुखण्यापूर्वीं करावयाची आणि हातहातभर उतरतांना पुनः पुनः करावयाची. नळी एकदां दाबली गेली कीं जोरानें उघडत नाहीं. वर येऊन, दाब कमी करूनच ती उघडते. सर्दीनें नळी सुजली असेल, तर त्या दिवशीं पाण्यांत उतरूंच नये.

हें सारें ऐकून आम्ही उतरलों. दीड पुरुष खोलीवर पुतण्यानें तळहात हलवून कानाकडे बोट दाखविलें. शिक्षकांनीं त्यास हातभर वर नेलें. दडा सुटला, तो पुन्हां उतरला. आमच्या कानांत त्याच्याही आधींपासून सुई टोंचत होती. पण काकांनीं माघार घ्यावी, आणि तीही पुतण्यादेखत! आम्हीं 'सर्व ठीक' अशी खूण केली, नाक दाबलें आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

फट्‌कन्‌ कांहीं फुटलें. डाव्या कानांत गार पाणी शिरलें आणि समुद्र भोंवऱ्यासारखा फिरूं लागला. वर कोणतें आणि खालीं कोणतें तें कळेना. शिक्षकांनीं दंड धरला नसता तर पुढें काय झालें असतें, याचा विचार आम्ही टाळतों.

'एकाएकीं झालें,' असें आम्हीं घरीं सांगितलें. बाळकुमास परततांच वहिनींनीं लसूण घालून खोबरेल कढविलें; पण ठाण्याच्या डॉक्टरांनीं तें कानांत घालूं दिलें नाहीं. पडद्यास भोंक असतां तेल नाहीं, पाणी नाहीं, मनानें घेतलेलें औषध नाहीं. नाक जोरानें शिंकरावयाचें नाहीं. असलीं बहुतेक भोंकें आपोआप भरतात. आमचेंही दोन महिन्यांत भरलें. परंतु अतिजोरानें अंतःकर्णास इजा होऊं शकते, आणि ती भरून येईलच असें नाहीं. तेव्हांपासून आमच्या डाव्या कानांत रातकिड्यासारखा बारीक नाद चालतो. पहाटे तंबोरा लावावयास बसलें कीं तो षड्जाशीं कांहीं केल्या जुळत नाहीं.

यंदा पुतण्या पुरतें शिक्षण घेण्यास, पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्ली येथील संस्थेंत गेला. निघतांना सर्वांदेखत त्यानें विचारलें, "काका, त्या दिवशीं तुमचा कान आधींच दुखत होता ना?"

"होता," आम्ही म्हणालों. "सर्दीही होती."

वहिनींच्या हातांतली पळी तशीच राहिली. बंधु वर्तमानपत्रांतून वर पाहूं लागले. कोणी कांहीं बोललें नाहीं, हें अधिक लागलें.

तिसऱ्या दिवशीं त्याचा फोन आला. सकाळपासून शिंका येत होत्या, म्हणून मंडळी समुद्रांत गेली आणि हा एकटा कांठावर बसून होता. बंधूंनीं पहिला प्रश्न केला तो, भरलेले पैसे बुडाले कीं काय, हा! आम्हीं त्यांच्या हातून फोन घेतला, उजव्या कानाला लावला आणि त्याला सावकाश सर्व सांगावयास सांगितलें.