बारीक जेटची बचत

मराठी बाजारपेठेत माल वाहणारी कोणतीही लहान गाडी टेम्पो म्हणूनच ओळखली जाते. हा शब्द मूळचा एका जर्मन कंपनीच्या नावातला. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभारली आणि परके नाव इथल्या बोलीत कायमचे वस्तीला आले. पुढच्याच वर्षी बजाज ऑटोला दुचाकी-तीनचाकी वाहने देशात तयार करण्याचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या रचनेची तीनचाकी गावोगाव फिरू लागली. भुसार, कापड, किराणा या व्यापारांतील कितीतरी घरांची पहिली स्वतःची गाडी या दोहोंपैकीच एक असे. बहुतेकांची ती केव्हाच मोडीत गेली.

सांगलीतील हळदीच्या व्यापारात असलेल्या एका घराने मात्र अशी मालवाहू तीनचाकी जपून ठेवली आहे. घरातील आण्णांनी ती १९७२ साली घेतली, तेव्हा पेढीवर दोन हातगाड्या होत्या. आता व्यवहार ट्रकने होतो. तीनचाकीला वर्षातून एकदा, दसऱ्याला, झेंडूचा हार मिळतो. नातू यंत्र अभियंता झाला आणि त्याने ती उघडली. मूळ सिलिंडर इतक्या वेळा बोअर झालेला होता की पुढच्या मापाचा पिस्टन मिळेना. तेव्हा त्याने ५७ मिलिमीटरऐवजी ६३ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर बसवला. स्ट्रोक तोच, ५७ मिलिमीटर. १४५ सीसीचे इंजिन त्यामुळे १७७ सीसीच्या पुढे गेले. घरात याची फारशी चर्चा झाली नाही. गाडी सुरू झाली याचाच आनंद मोठा होता.

खरी अडचण पुढे होती. इंजिन मोठे झाले की ते जास्त हवा ओढते, आणि त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल कार्बोरेटरने द्यावे लागते. हे प्रमाण ठरवतो मेन जेट, म्हणजे मधोमध छिद्र असलेला पितळेचा एक बारीक स्क्रू. या जातीच्या जेटवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. ९८ आणि १०० यांत डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, पण छिद्राच्या क्षेत्रफळात तो ४ टक्के असतो. कर्जाच्या व्याजात ४ टक्क्यांचा फरक पडला तर कोणता व्यापारी तिकडे काणाडोळा करील?

नातवाने १०८ चा जेट बसवला होता. गाडी थोडा धूर सोडी आणि लिटरला अठरा किलोमीटरच जाई. आण्णांच्या हिशेबी मनाला ते रुचेना. जुन्या काळी त्यांनी हीच गाडी पंचवीसच्या खाली येऊ दिली नव्हती. नातू पुण्याला गेलेला असताना त्यांनी पत्र्याच्या डब्यातून जपलेला ९८ चा जेट काढला आणि कोपऱ्यावरच्या पोराकडून बसवून घेतला. धूर थांबला, ॲव्हरेज वाढले, पिकअपही चलाख वाटू लागला. पातळ मिश्रणाची खोड नेमकी हीच आहे: बिघडण्याच्या आधी काही दिवस इंजिन नेहमीपेक्षा अधिक छान चालते. तिसऱ्या आठवड्यात, डिसेंबरच्या गार पहाटे, मिरज रस्त्यावर पूर्ण वेगात असताना मागचे चाक एकाएकी जखडले. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलला तीन कामे असतात. ते जळून शक्ती देते, आत येताना पिस्टन-सिलिंडर थंड करते आणि स्वतःत मिसळलेले ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचवते. १०८ ऐवजी ९८ म्हणजे छिद्र सुमारे १८ टक्के लहान. वाचलेल्या प्रत्येक थेंबाबरोबर गारवाही गेला आणि वंगणही. त्यात पहाटेची थंड हवा दाट असते, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. मूळ लहान इंजिनाला तो जेट पुरला होता. मोठ्या इंजिनाची उचल त्याला झेपली नाही.

घरात दोन दिवस अबोला होता. आण्णांचे म्हणणे, सिलिंडर बदलल्याचे मला नीट सांगितले नाही; नातवाचे म्हणणे, जेट बदलल्याचे मला विचारले नाही. दोघेही खरे बोलत होते. आण्णांनी मात्र वही काढली आणि वाचलेले साडेचार लिटर पेट्रोल जमेला, तर पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरची दुरुस्ती नावे टाकून पान नातवासमोर ठेवले.

शेवटी काम सोपवले एका जुन्या मिस्त्रींकडे. ते नातवाला म्हणाले, “दादा, कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा.” आधी त्यांनी टाकीतला गंज धुतला, पॉइंटचा गॅप घेतला, टायमिंग पाहिले. मग थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली येते की उगाच तेजीत राहते हे ऐकत बसले. ते रेंगाळत होते. क्रँकचे ऑइल सील हवा ओढत होते. ते बदलेपर्यंत कोणताही जेट खोटाच निघाला असता. नंतर इंजिन पूर्ण तापवून, एअर फिल्टर जागेवर ठेवून, मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत स्लो बसवला. मेन जेटसाठी त्यांनी मुद्दाम मोठ्या, ११२ पासून सुरुवात केली आणि एकेक पायरी खाली आले. प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जायचे, क्लच दाबून तिथेच स्विच बंद करायचा आणि प्लग काढून पाहायचा. काळा काजळलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. भाजलेल्या कॉफीसारखा तपकिरी आला की थांबायचे. उन्हाळ्यासाठी १०६ आणि थंडीसाठी १०८ ठरला. ऑइल लिटरला ४० मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. जास्त ऑइल म्हणजे त्याच छिद्रातून तितके पेट्रोल कमी, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आजच्या पेट्रोलचाही यात भाग आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. या मिश्रणाला साडेतेराच पुरते. म्हणजे १९७२ साली बरोबर असलेला जेट आज आपोआप पातळ ठरतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी केलेली बरी.

एक गोष्ट आण्णांनीच उशिरा काढली: आर.सी. पुस्तकात इंजिन अजून १४५ सीसीचेच लिहिलेले आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असा परस्पर बदल करू देत नाही. २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली, पण ती पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपातील दुचाकी-चारचाकींची. तीनचाकी तिच्यात नाही. म्हणून मूळ सिलिंडर नवे लायनर बसवून ५७ च्या मापावर आणण्यासाठी कोल्हापूरला पाठवला आहे. तो येईपर्यंत तीनचाकी वखारीच्या आवारातच फिरते. तो बसला की जेट पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागेल. ९८ चा जेट नातू मोडीत टाकायला निघाला होता. मिस्त्रींनी तो परत डब्यात ठेवायला लावला.