पानावरचा आडवा हात

आमच्या कऱ्हाडच्या घरी लग्नाची पंगत बसली की मी जिलेबीचं ताट बळकवायचो. भात-आमटी वाढण्यात काही मजा नसते, आग्रहाची खरी गंमत गोडाला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. थोरल्या काकांनी मला नियम शिकवून ठेवला होता : पहिला ‘नको’ संकोचाचा, तो ऐकायचाच नाही. दुसरा रीतीचा, तोही कानाआड करायचा. तिसऱ्या वेळी माणूस दोन्ही हात पानावर आडवे धरून वाकला की समजायचं, आता खरंच पोट भरलं. त्यातूनही बोटांच्या फटीतून एखादी जिलेबी सरकवता आली, तर वाढणारा बहाद्दर.

मी पुष्कळ सरकवल्या. एकदा एका आजोबांच्या मनगटावरून पाक ओघळला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर गेला. सगळी पंगत हसली. आजोबाही हसले, पण जरा उशिरा.

‘नको’ हा शब्द मी असा शिकलो. त्याचा अर्थ नको असा होत नाही, दोनदा तरी नाहीच, हे माझ्या अंगात तेव्हापासून मुरलेलं. पुढे तोच शब्द मला लागला तेव्हा त्यात काही दम आहे असं माझं मलाच वाटेना.

अठराव्या वर्षी पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. वर्ग सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तोच आषाढातली अमावस्या आली. आमच्या घरी ही दिव्यांची आवस. आई समया, निरांजनं, पणत्या, माळ्यावरचा कंदीलसुद्धा खाली काढून चिंचेनं घासायची आणि पाटावर ओळीनं मांडून पूजा करायची. कणकेचे गोड दिवे व्हायचे, ते आम्ही तूप घालून खायचो. हॉस्टेलवर त्याच रात्रीचं नाव गटारी. उद्यापासून श्रावण, मग महिनाभर कोरडं जायचं म्हणून आजच भरून घ्यायचं. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी खोलीत येऊन सांगितलं, “आज बसायचंय.” बसणं या साध्या क्रियापदाचा तो अर्थ मला तिथे कळला.

मला प्यायची नव्हती. त्यामागे थोर काही नव्हतं. वास आवडत नव्हता आणि आमच्या गल्लीतल्या एका घरातली पगाराच्या दिवसाची संध्याकाळ मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकलेली होती. पण एवढं बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. “अँटिबायोटिक चालू आहे.”

चाललं की! कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, “काळजी घे रे,” म्हणालं, आणि फरसाणाची पिशवी माझ्याकडे सरकवली. मी इतका खूश झालो की खरोखरच घसा दुखत असल्यासारखा दोन वेळा खाकरलो.

अँटिबायोटिकचा कोर्स मात्र पाच दिवसांचा असतो.

सहाव्या दिवसापासून मी पंचांगाच्या आसऱ्याला गेलो. श्रावण आयता मिळाला. भाद्रपदात घरी गणपती, त्यानंतर पितृपंधरवडा, मग नवरात्रात घट बसले म्हणून नाही. कोजागरीला दूधच प्यायचं असतं. चातुर्मास तर आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चांगला ताणता येतो. मार्गशीर्षात गुरुवार सापडले. घरी असताना मी यातलं काहीही पाळलं नव्हतं. आईनं उपासाचं विचारलं की मी आधी साबुदाण्याची खिचडी आणि मागून भाजी-पोळी खाणारा मुलगा. हॉस्टेलवर माझ्यासारखा धर्मनिष्ठ कुणी नव्हता. संकष्टी कधी हे पोरं मला विचारायची.

सबबीची खोड अशी की ती ऐकणाऱ्याला कामाला लावते. गाडी चालवायची आहे म्हणालो, तर एक जण मला सोडायला तयार. उद्या सबमिशन आहे म्हटलं, तर सबमिशन सगळ्यांचंच होतं. घरी कळेल म्हणावं, तर कोण सांगणार? एकाच्या वडिलांचं मेडिकलचं दुकान होतं, त्यानं गोळीचं नाव विचारलं आणि छातीठोकपणे निर्णय दिला, “त्याच्यावर बिअर चालते.” यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. मीच त्यांना अडचण सांगत होतो आणि मित्र या नात्यानं ते ती दूर करत होते. मी एकेक कारण पुढे करायचो, ते एकेक कारण उचलून बाजूला ठेवायचे. डिसेंबर उजाडेपर्यंत माझी अशी ख्याती झाली की बिचाऱ्याला प्यायची फार इच्छा आहे, पण योगच येत नाही.

एक कारण होतं, शंभर टक्के खरं, आणि तेच मी कधी सांगितलं नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्यानं वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, सौम्य बिअरला एकवीस. आमच्या त्या खोलीत एकही माणूस या हिशेबात बसत नव्हता. पण मी कायदा सांगितला असता, तर पहाटेपर्यंत हसण्याचा आवाज थांबला नसता.

पुढे नोकरी लागल्यावर या कायद्याची आणखी एक गंमत कळली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याखाली आपल्याकडे पिणाऱ्यानं परवाना घ्यायचा असतो. ‘परमिट रूम’ ही पाटी त्यातूनच आली. एक दिवसाचा, वर्षाचा, आयुष्यभराचासुद्धा परवाना मिळतो. आणि तो दिला जातो तो प्रकृती नीट राखण्यासाठी दारू लागते, या कारणापोटी! म्हणजे सरकारी कागदावर कारण पिणाऱ्यानं द्यायचं आहे, तेही प्रकृतीचं. न पिणाऱ्यानं काही द्यायचं नाही, त्याला कसला अर्ज नाही, फी नाही. आणि मी वेडा, पाच महिने उलटाच अर्ज भरत बसलो होतो.

माझ्या शेजारच्या कॉटवर मंगळवेढ्याकडचा एक मुलगा होता. गळ्यात तुळशीची माळ. त्याच्यापुढे कुणी ग्लास धरला नाही, कधीच नाही. कुणी नवखा धरायला गेला तर दुसराच कुणी म्हणायचा, “ए, माळकरी आहे तो,” आणि ग्लास वाटेतच वळायचा. मटणाच्या रविवारी मेसवाला न सांगता त्याच्या ताटात पिठलं वाढायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याचा नकार असा गळ्यात दिसत होता, आंघोळीला जातानाही अंगावर होता. एका रात्री न राहवून मी विचारलं, मीपण घालू का? तो उठून बसला, अगदी गंभीरपणे म्हणाला, “घाल की. पण मग एकादशी धराय लागंल. आषाढीला चालाय लागंल. नुसती गळ्यात अडकवून भागत नाय.” मी चादर डोक्यावरून घेतली. एका ग्लासातून सुटका करून घेण्यासाठी आळंदी ते पंढरपूर पायी जाणं मला झेपणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं, त्याच्या आजोबा-पणजोबांनी मिळून दिलेला नकार मला असा उसना कसा मिळणार?

दुसऱ्या वर्षी आमच्या मजल्यावर हैदराबादचा एक मुलगा आला. किडकिडीत, सतत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेला. पहिल्याच बैठकीत त्याच्यापुढे ग्लास आला. तो म्हणाला, “नक्को.”

“क्यूं बे?”

“नक्को बोले तो नक्को.”

एवढं बोलून त्यानं पुढची शेंग फोडली. मी श्वास रोखून बसलो होतो. आता विचारणार, आता डिवचणार. क्षणभर शांतता झाली खरी. मग कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला आणि ग्लास पुढच्या माणसाकडे गेला. बस. इतकंच झालं.

त्या रात्री मला झोप लागेना, आणि त्याचं कारण तो शब्द होता. नक्को! आमचाच की. दख्खनी बोलीनं मराठीच्या शेजाराला राहून फार पूर्वी तो उचलला आणि त्यातला ‘क’ जरा ठासून म्हणायला सुरुवात केली. हिंदीत दोन शब्द लागतात, ‘नहीं चाहिए’, आणि त्यातला ‘चाहिए’ जागच्या जागी शिल्लक राहतो. ‘नको’मध्ये हवेपणाचा अंशही नाही. बरं, हा शब्द कठोर म्हणावा तर तसाही नाही. ‘नको गं’ म्हणून आईच्या पदराशी लाडात येता येतं, ‘नको हो’ म्हणून अजिजी करता येते, ‘नका’ म्हणून वडिलधाऱ्यांचा मान राखता येतो. असा शब्द पाळण्यापासून माझ्या तोंडात होता. मी तो पंगतीत वापरून वापरून गुळगुळीत करून ठेवला होता, आणि त्याची धार मला दाखवायला हैदराबादहून माणूस यावा लागला.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या सुमारास अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर केलेले प्रयोग मी नंतर वाचले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. सारख्या लांबीची ओळखायची, शेंबड्या पोराला जमेल अशी. फक्त खोलीतले बाकी सगळे आधीच फितवलेले, ते धडधडीत चुकीच्या रेघेचं नाव घ्यायचे. जवळजवळ पाऊणशे टक्के मुलांनी एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. पण त्या घोळक्यात एकानं जरी खरी रेघ सांगितली, की मान डोलावण्याचं प्रमाण चौथ्या हिश्शावर यायचं. तो एक काही भाषण करत नसे, फक्त रेघेचं नाव घेत असे. आमच्या मजल्यावरचा तो एक शेंगा फोडत होता.

पुढच्या शनिवारी मी बसलो. स्टीलचा ग्लास माझ्यासमोर आला आणि मी त्यावर हात आडवा धरला. ठरवून काही केलं नव्हतं. पंगतीतला हात, तो आपोआप गेला.

“नको.”

“आज काय आहे? चतुर्थी?”

“काही नाही. नको.”

बाटली हातात असलेल्याला वाटलं हा पहिला ‘नको’. तोही कुठल्यातरी पंगतीत जिलेबी वाढूनच मोठा झालेला असणार. त्यानं हसत हसत माझ्या बोटांवरच बाटली तिरकी केली. बिअर फटीतून थोडी ग्लासात गेली, बाकीची मनगटावरून ओघळून पँटवर. सगळे हसले. मला ते धोतरवाले आजोबा आठवले, आणि ते हसायला इतके का थांबले होते, हेही लक्षात आलं. मी हात काढला नाही. तिसऱ्यांदा म्हणालो, “नको रे.” त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बाटली सरळ केली आणि म्हणाला, “बरं. फरसाण घे.”

रात्रभर हाताला वास येत होता.

म्हणून मी सबबींना नावं ठेवतो असं मात्र नाही. हळदीकुंकवाला सातव्या घरी चहा पुढे आला, तर पित्ताचा त्रास सांगावा. तिथे खरं बोलून कुणाचा काय फायदा? आणि जिथे नकार दिल्यानं अंगावर बेतेल, रात्री उशिरा एकट्या मुलीला, वरिष्ठाच्या मर्जीवर पोट असलेल्या माणसाला, तिथे बाबा न्यायला आलेत, आई आजारी आहे, जे सुचेल ते खुशाल सांगावं. समोरच्यानं खरं ऐकण्याची लायकी ठेवली नसेल, तर ते त्याला देण्याचा काही नियम नाही. माझं भांडण एवढंच आहे की ज्यांच्या शेजारी रोज बसतो, ज्यांना आपला उद्याचा पेपर नि मागच्या वर्षीचा नापास विषयही ठाऊक असतो, त्या मित्रांना पाच महिने संकष्टी सांगत बसणं हा त्यांचाही अपमान आहे. मी न पिणारा आहे हे त्यांना कळायला वर्ष लागलं. ते वर्ष मी वाया घालवलं, त्यांनी नाही.

बहिणीचा मुलगा यंदा नागपूरला हॉस्टेलवर गेला. परवा त्याचा फोन आला, आवाज हळू. “मामा, शनिवारी सगळे बसणार आहेत. काय सांगू?”

माझ्या तोंडून पटकन काय निघालं असेल? “अँटिबायोटिक चालू आहे म्हण.” मग माझी मलाच लाज वाटली. त्याला हा सगळा पुराण-इतिहास ऐकवला, माळकऱ्यापासून हैदराबादपर्यंत. त्यानं “हं, हं” करत ऐकून घेतलं. ही पिढी मोठ्यांचं असंच ऐकते, आणि आम्हीही असंच ऐकत होतो.

रविवारी मीच फोन केला.

“काय सांगितलंस?”

“नको म्हणालो.”

“मग?”

“मग काय? काही नाही.” थोडं थांबून तो म्हणाला, “बिल तेवढं सगळ्यांत सारखं वाटलं. माझे चारशे दहा गेले मामा. मी एक लिंबू सोडा प्यायलो होतो.”