नवी नेक, जुनी बॉडी

आज जुन्या गिटारला नवी नेक बसली. चारही स्क्रू आवळून जाडी तार छेडली, तर तिचा कंप थेट बरगडीत जाणवला! लिओ फेंडरने १९५० साली स्क्रूने जोडायची नेक रूढ केली, म्हणून हे घरच्या टेबलावर जमतं. मेपलची ही नेक जरा जाड आहे, मुठीत भरते. मला अशीच हवी होती.

सिंगल कॉइल पिकअपची घरघर मात्र कधीच सहन झाली नाही. म्हणून ब्रिजपाशी हंबकर बसवला. दोन कॉइल, चुंबकाचे ध्रुव उलटे, जोडणीही उलटी. बाहेरची घरघर परस्पर कापली जाते, तारेचा आवाज तेवढा दुणावतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये साधलेली ही युक्ती मला आजही थक्क करते.

तारांच्या ताणाने नेक थोडी वाकेलच. उद्या नेकच्या आतला, हा वाक सावरणारा ट्रस रॉड पाहायचा.