पत्ता तोच

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही चियांग माईला आलो. ते गेले आणि त्यांच्या नोकरीवर टेकलेला माझा व्हिसाही संपत आला. पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीच्या कारणावर राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत, स्वतःच्या नावावर, अर्जाआधी दोन महिने ८ लाख बाट दाखवावे लागतात. पुण्यातला फ्लॅट विकून मी ते भरले. आता परतायचं म्हटलं तरी दार कुणाचं ठोठावणार?

वर्षभराची मुदत मिळाली. मात्र दर ९० दिवसांनी राहता पत्ता कळवायचा. सुरुवातीला जाच वाटायचा. परवा खिडकीपलीकडच्या मुलीने विचारलं, "पत्ता तोच?"

"तोच," मी म्हटलं.

हे गेल्यापासून मी कुठे आहे, हे इतक्या नेमाने कुणीच विचारलं नव्हतं.