विंचवाचं गाणं

आमच्या करंजा गावात हळदीला आधी धवलारणी बायका धवले, म्हणजे लग्नगीतं, गातात, मग बेंजोवाले मांडवाचा ताबा घेतात. २०१४च्या लग्नसराईत पोरांची त्यांच्याकडे एकच फर्माईश असायची, ‘विंचू लाव!’ विंचू म्हणजे ‘फँड्री’ सिनेमाचं गाणं. चाल अजय-अतुलची, आवाज अजय गोगावलेंचा. एकतर्फी प्रेमात पोळलेल्या पोराचं गाणं लग्नघरी वाजतंय, याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं. ठेका फक्कड होता, आम्ही नाचत होतो.

१४ फेब्रुवारीला, प्रेमाचा दिवस गाठून, सिनेमा लागला. धाकट्या चुलतभावाला घेऊन मी पनवेलला गेलो तो या गाण्यासाठीच. मागच्या रांगेतली पोरंही शिट्ट्या मारायला टपून बसली होती. मध्यंतर झालं तरी गाण्याचा पत्ता नाही. भाऊ कानाशी लागला, “दादा, गाना कवा येल?”

आलंच नाही. ते प्रसिद्धीपुरतं केलेलं होतं, नागराज मंजुळेंच्या सिनेमात ते नव्हतंच. पडद्यावर होता जब्या. गावकुसाबाहेरच्या कैकाडी घरातला, वर्गातल्या शालूवर जीव जडलेला. तिच्याशी तो धड बोलतही नाही. काळी चिमणी मारून तिची राख टाकली की मुलगी वश होते, असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून गलोल घेऊन माळ पालथा घालतो. इथवर आम्ही हसत होतो.

मग जत्रा येते. नवे कपडे घालून जब्या मिरवणुकीत बेभान नाचतो, शालूने बघावं म्हणून. आणि त्याच मिरवणुकीत त्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते. नाचणाऱ्यांना उजेड दाखवायचं काम त्याचं. पुढे जब्याच्या घरच्यांना डुकरं धरावी लागतात तो प्रसंग जास्त गाजला, राष्ट्रगीत सुरू होताच सगळे जागच्या जागी थबकतात तोही. शेवटी जब्याने भिरकावलेल्या दगडावर तर पानंच्या पानं लिहिली गेली. मला मात्र ती बत्ती खुपली.

कारण पुढच्याच वरातीत मी नाचता नाचता बाजूला बघितलं. जनरेटरच्या गाडीला वायरीने बांधल्यासारखी दिव्यांची रांग चालली होती आणि प्रत्येक दिव्याखाली एक माणूस. एक तर जब्याच्याच वयाचा पोरगा. बेंजोवर विंचूच वाजत होता. पोरगा ओठांतल्या ओठांत म्हणत होता, मान मात्र ताठ, दिवा हलू नये म्हणून. इतकी वर्षं वराती नाचलो, पण उजेड कोण धरतं हे कधी बघितलं नव्हतं. मी त्याला पाणी नेऊन दिलं. नाचायला ये म्हणायची सोय नव्हती. दिवा कुणाकडे देणार?

त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मंजुळेंना पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. गाणं सिनेमात घेतलं नाही हे मला दोन्ही पुरस्कारांइतकंच मोलाचं वाटतं. ते असतं तर आम्ही थिएटरातच नाचलो असतो आणि जब्या बत्तीसकट नजरेआड झाला असता.

गाणं आवडत असेल तर सिनेमा जरूर बघा. फक्त त्यात गाण्याची वाट बघत बसू नका.